परसातील माशांचा हौद: दुरुस्ती आणि फिल्टरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (निपाणी): सिमेंटच्या हौदाला दर उन्हाळ्यात भेग पडते आणि गवंडी दर वेळी वरून गिलावा मारून जातो. कायमचा उपाय कोणता?

उत्तर: पाणी नक्की भेगेतूनच जाते का, हे आधी पाहा. पंप बंद ठेवून हौदाशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवावी, दोन्हींच्या पातळीवर खूण करावी आणि 24 तासांनी घट मोजावी. बादलीइतकीच घट असेल तर ते बाष्पीभवन आहे, जास्त असेल तर गळती आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर बसलेला हौद थोडाफार हलणारच, आणि गिलावा ताठर असल्याने तो पुन्हा त्याच जागी तडकणार, त्यामुळे गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही. आतून अस्तर घालणे बरे. शेततळ्याचा 500 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद आपल्या भागात सहज मिळतो, परंतु छोट्या हौदाच्या कोपऱ्यांत तो नीट बसत नाही. महाग पडले तरी लवचिक ईपीडीएम रबराचे अस्तर मी पसंत करीन. माप घेताना लांबी व रुंदी या दोहोंत खोलीची दुप्पट आणि काठासाठी 2 फूट मिळवावेत. 8 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट खोल हौदाला 16 × 14 फुटांचे अस्तर लागते. खाली जुन्या जाड सतरंज्या अंथराव्यात, म्हणजे खडे टोचत नाहीत.

तरीही गिलावाच करायचा असेल, तर नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा) माशांना सोसणार नाही इतका चढतो, हे लक्षात ठेवावे. हौद भरून काही दिवस ठेवावा, रिकामा करावा, असे दोन-तीन वेळा करावे आणि पीएच 8.5 च्या खाली स्थिर झाल्याशिवाय मासे सोडू नयेत.

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): आमचा हौद 8 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट खोल आहे आणि त्यात बारा कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आहेत. पाणी सतत हिरवे असते. दुकानदार यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: घ्यावा, पण शेवटी. या दिव्यासमोरून पाणी गेले की त्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ नष्ट होते आणि पाणी स्वच्छ दिसते, मात्र माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून येणारा अमोनिया तसाच राहतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे मरतात, ते बहुधा यामुळेच. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमधील पृष्ठभागावर वाढतात. फिल्टर विकत घेणे म्हणजे या जिवाणूंना घर बांधून देणे, म्हणून खोक्यावरच्या दिव्यांपेक्षा आत किती जागा आहे ते विचारावे.

आपल्या हौदात सुमारे 4,000 लिटर पाणी मावते. ते दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून फिरायला हवे, म्हणजे पंप ताशी किमान 2,000 लिटरचा लागेल. मात्र खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर न चढवता मोजलेला असतो, तेव्हा थोडा मोठाच घ्यावा. घरीही सोय होते: 200 लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम घ्यावेत, पहिल्यात गाळ अडवणारे ब्रश व स्पंज आणि दुसऱ्यात बायोबॉल (जिवाणूंना वाढायला जागा देणारे प्लास्टिकचे जाळीदार गोळे) भरावेत. क्रम उलटा केला तर बायोबॉल गाळाने बुजतात. जिवाणूंचे बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर खाद्य निम्मे ठेवावे. राहिला माशांचा प्रश्न: कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्यामुळे एवढ्या पाण्यात चार-पाचच ठेवावेत आणि बाकीचे मोठा हौद असणाऱ्यांना द्यावेत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): फिल्टर नळाखाली लख्ख धुतला, हौदात नवे पाणी भरले आणि आठवड्यात निम्मे मासे गेले. असे का झाले?

उत्तर: राकसकोप किंवा हिडकलचे पाणी नळाला येते ते क्लोरिन घालून. माणसांसाठी ते योग्यच आहे, पण त्या क्लोरिनने माशांचे कल्ले भाजतात आणि धुताना जिवाणूही मरतात, मग दोन-चार दिवसांत अमोनिया साचतो. स्पंज हौदातलेच पाणी बादलीत घेऊन हलक्या हाताने पिळावा, तोही सर्व एकाच दिवशी नको. एका वेळी हौदातले पाव हिस्सा पाणीच बदलावे आणि नव्या पाण्यात आधी क्लोरिन घालवणारे सोडियम थायोसल्फेट मिसळावे.

प्रश्न (खानापूर): वीज गेली की फिल्टर बंद पडतो, आणि पावसाळ्यात हौद भरून वाहतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर: ऑक्सिजन न मिळाल्यास बंद फिल्टरमधील जिवाणू काही तासांत मरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप स्वस्तात मिळतो, त्याची नळी बायोबॉलच्या ड्रममध्ये सोडावी. वीज फार वेळाने आली, तर ड्रममधले कुजके पाणी आधी बाहेर काढावे आणि मगच पंप सुरू करावा.

पावसाच्या पाण्यात पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार जवळजवळ नसतात. जिवाणू मात्र ते सतत खर्च करीत असतात, त्यामुळे जूनपासून हौदाचा पीएच एकाएकी कोसळू शकतो. कार्बोनेट पुरवणारा शिंपल्यांचा चुरा पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवावा, पागोळ्या हौदात पडू देऊ नयेत आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावावी.