एक डाव म्हणजे पाच मिनिटं

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

इंटर्न मुलांना विषबाधा शिकवण्यासाठी तू केलेला सापशिडीचा पट मिळाला. घोणस, फुरसं, मण्यार सुरेख उतरले आहेत. तरीही हा पट बाजूला ठेव, असंच मी म्हणेन. फासा हे एक कारण: सहा पडले म्हणून कुणी पुढे गेलं तर त्यात तो काय शिकला? पण खरं कारण वेगळं आहे. सापशिडीत साप गिळला तरच मागे यावं लागतं, एरवी ओलांडलेल्या घराकडे कुणी पुन्हा पाहत नाही. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णात दर पाच मिनिटांनी त्याच घरात परत यावं लागतं. तुझ्या खेळानं मुलांना हे परत येणं शिकवायला हवं. बाकी सगळं पुस्तकात आहे.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. मी इंटर्न असताना रात्री कीटकनाशक प्यायलेला एक शेतमजूर आला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अशा विषावरचं उताऱ्याचं औषध, ॲट्रोपिन, मला तोंडपाठ होतं. दिलं. बाहुल्या मोठ्या झाल्या, मी केसपेपरवर तसं लिहिलं आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेलो. त्याची काख ओलीच होती, छाती भरलेलीच होती, आणि मी ती पुन्हा ऐकली नाही. पहाटे तो गेला. मला उत्तर येत होतं. पुन्हा पाहायचं असतं, हे मला कुणी सरावानं शिकवलं नव्हतं. आपल्याकडे विष न्यायवैद्यकात शिकवतात, उतारा औषधशास्त्रात आणि रुग्ण भेटतो मेडिसिनच्या वॉर्डात. हे तिन्ही तुकडे मुलाच्या डोक्यात पहिल्यांदा एकत्र येतात ते थेट कॅज्युअल्टीत, रात्री दोन वाजता.

म्हणून पत्त्यांसारखा डाव मांड. एका टेबलाला चार जण. एक डाव म्हणजे रुग्णाची पाच मिनिटं. घड्याळात हवं तर दोनच मिनिटं दे, पण घड्याळ थांबवू नकोस. पहिल्या पत्त्यावर फक्त दारातून दिसेल तेवढंच: भिजलेले कपडे, वास, नाडी 52, ऑक्सिजन 84 टक्के. उरलेली माहिती बंद पाकिटात. विचारलं तरच पाकीट उघडायचं. ज्यानं काखेत हात घातला नाही त्याला काख कोरडी की ओली हे कळणार नाही. श्वासनलिका, ऑक्सिजन, हातमोजे घालून कपडे उतरवणं, साबणपाण्यानं अंग धुणं, हे सोडून जो आधी उताऱ्याचं नाव घेईल त्याचं ते पाच मिनिटांचं नुकसान पुढच्या पत्त्यावर दिसू दे.

आणि ॲम्प्युल खऱ्या ठेव. काचेच्या, पाण्याच्या चालतील. आपल्याकडची नेहमीची ॲट्रोपिनची ॲम्प्युल 0.6 मिलिग्रॅमची. 1.8 मिलिग्रॅमनं सुरुवात केली तर तीन फोडायच्या. पाच मिनिटांनी तपासायचं. सुधारणा नसेल तर दुप्पट, म्हणजे सहा. मग बारा. मग चोवीस. फळ्यावर 'डोस दुप्पट करा' हे तीन शब्द असतात. टेबलावर चोवीस ॲम्प्युल फोडून सिरिंजमध्ये ओढायच्या म्हटल्यावर मुलांना कळतं की हे एकट्या सिस्टरचं काम नाही, पहिला डोस जातानाच पुढच्याची तयारी लागते, आणि स्टोअरमध्ये साठा किती आहे ते आत्ताच विचारायला हवं. हातांना हे कळलं की डोकं विसरत नाही.

गुण कशाला द्यायचे ते तू विचारलं होतंस. वेगाला देऊ नकोस. प्रत्येक डावात पाचही खुणा पाहिल्या का, त्याला दे: छाती मोकळी, नाडी 80च्या वर, वरचा रक्तदाब 80च्या वर, काख कोरडी, बाहुल्या आता टाचणीसारख्या नाहीत. एखाद्या पत्त्यावर उलटंही घडू दे: रुग्ण बडबडायला लागलाय, अंग तापलंय, आतड्यांचा आवाज बंद. इथे ॲट्रोपिन जास्त झालंय, थांबवायला हवं. हा पत्ता आल्यावर टेबलावर वाद होतो. होऊ दे, मध्ये पडू नकोस.

विषाची बाटली कधीच सरळ हातात देऊ नकोस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. शेतात मिश्रणं वापरली जात होती आणि आलेल्या माणसाच्या अंगात नेमकं काय गेलंय हे डॉक्टरांपुढचं कोडं होतं. तेव्हा एका माणसाला नातेवाईक कर. बाटली त्याच्या पिशवीत आहे, पण कुणी आस्थेनं विचारल्याशिवाय तो ती काढणार नाही. भीती असते, लाज असते, पोलिसांचा धाक असतो. पॅराक्वाट या तणनाशकाची बाटली निघाली तर सवयीनं लावलेला ऑक्सिजनही विचार करून लावायचा असतो, आणि उतारा नाही हे घरच्यांना सांगायचं असतं. तो डाव जिंकता येत नाही. असा एक तरी डाव ठेवच.

मण्यारीसाठी एक छोटा पत्ता पुरे. जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं, उलटी झाली. दंशाची खूण नाही, सूज नाही. 'रात्री कुठे झोपला होता?' हा प्रश्न आला तरच पुढचं पाकीट, त्यात जड झालेल्या पापण्या. घोणशीच्या पत्त्याला मात्र रक्त गोठतं का ते पाहायची काचेची कोरडी, स्वच्छ परीक्षानळी टेबलावर ठेव आणि वीस मिनिटं खरोखर जाऊ दे. त्या वीस मिनिटांत मुलं नळी हलवून बघतात. हलवायची नसते, हे तेव्हाच सांग.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम मुलांना जरूर सांग. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, तासन् तास नोंदी करत त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. कोकणातल्या लहान गावात, हाताशी फारसं काही नसताना. परत परत पाहण्यातून काय हाती लागतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

खेळ अर्धा तास आणि बोलणं पाऊण तास, हे प्रमाण मोडू नकोस. 'चुकलास' म्हणून सुरुवात करू नकोस. 'तिसऱ्या डावात तुला काय दिसत होतं?' असं विचार. तीन महिन्यांनी न सांगता तोच पत्ता पुन्हा समोर टाक, म्हणजे खेळानं काय टिकलं ते तुला कळेल.

एक गोष्ट फार जपून कर. या मुलांपैकी एखाद्याच्या घरात, गावात कुणी औषध पिऊन गेलेलं असेल. खेळाआधी विषय सांग. ज्याला बसायचं नाही त्याला कारण न विचारता जाऊ दे. पत्त्यांवर विनोदी नावं नकोत. शिवाय रुग्ण शुद्धीवर आला की डाव संपतो, असं होऊ देऊ नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा पत्ता हवा. त्यात दोन कामं. पहिलं, 'उशीवरून मान उचलून दाखवा' असं सांगणं. मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायूही दमायला लागलेत, आणि बरा झाला म्हणून वॉर्डात हलवलेला माणूस रात्रीत हातचा जाऊ शकतो. दुसरं, खुर्ची ओढून शेजारी बसणं आणि बोलणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017च्या कलम 115प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं. तो गुन्हेगार नाही. एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, कागद भरतानाही मुलांच्या आवाजात हे उतरलं पाहिजे, आणि आवाजाचा सराव वाचून होत नाही.

पहिला डाव कधी लावतेस ते कळव. मी येईन. नातेवाईक कोण होणार हे ठरलं नसेल तर ते काम मला दे. पिशवीत बाटली घेऊन मी दाराशी उभा राहीन. तुझी मुलं मला काय विचारतात ते मला ऐकायचंय.

तुझा,
सर