शोषखड्डे भरून वाहतात, कॉलनीचं सांडपाणी न्यायचं कुठे?

प्रश्न : धुळे शहराला लागून आमची साठ घरांची कॉलनी आहे. भुयारी गटार नाही. घरोघरी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे, पण पावसाळ्यात खड्डे तुडुंब भरतात आणि पाणी रस्त्यावर येतं. नळाला पाणी चार दिवसांआड. उताराच्या बाजूला ओपन स्पेस पडून आहे. तिथे विजेशिवाय चालेल अशी सोय होईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : होईल. शोषखड्डे आणखी खोल करण्यात मात्र पैसे घालू नका. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याला जिरायला वाट उरत नाही. उन्हाळ्यात खड्डा चालतो तो या भेगांमुळेच, आणि त्यांतूनच घाण पाणी न गाळता बोअरपर्यंत पोचू शकतं.

घरचे सेप्टिक टँक राहू द्या. जाड मैला तिथेच बसतो. त्यांतून निघणारं आणि न्हाणी-मोरीचं पाणी एका पाइपलाइनने ओपन स्पेसवर आणा. मोरीला जाळी आणि ग्रीस ट्रॅप (तेल-तूप अडवणारी छोटी कुंडी) हवाच. छपराचं पावसाचं पाणी या लाइनला अजिबात जोडू नका. एका जोरदार पावसात पुढे सांगितलेल्या टाकीतला जिवाणूंचा जिवंत गाळ धुऊन जातो.

माणसं 300 धरली, माणशी 100 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के गटारात, तर रोज 24,000 लिटर. पण तुमच्याकडे ही सरासरी फसवी आहे. नळ आला त्या सकाळी अख्खी कॉलनी कपडे धुते. म्हणून ताशी 3,500 लिटरचा लोंढा धरून बांधा.

आधी दोन कप्प्यांची, 24,000 लिटरची गाळ बसण्याची टाकी. पुढे एकामागे एक पाच कप्पे. प्रत्येक साडेतीन मीटर रुंद, एक मीटर लांब आणि पाणी दोन मीटर खोल. पाणी प्रत्येक कप्प्यात पाइपने तळाशी सोडायचं म्हणजे ते गाळातून वर चढतं आणि गाळातले जिवाणू घाण खातात. चढण्याचा वेग ताशी एक मीटरच्या आसपास राहिला तर गाळ तळाशी टिकतो. कप्पा अरुंद केला की तोच गाळ पुढे वाहून जातो. भिंती विटांच्या नकोत, आरसीसीच्या करा आणि भोवती फूट-दीड फूट मुरूम भरा, नाहीतर फुगणारी माती त्यांना तडे पाडते. माती लोटण्याआधी टाकी भरून एक दिवस पातळी तपासा.

शेवटी खडीचा वाफा : माणशी अर्धा ते पाऊण चौरस मीटर, 60 सेंटिमीटर खोल, तळ पाणी न झिरपणारा. दोन्ही टोकांना मोठे दगड, मध्ये 8 ते 12 मिलिमीटरची खडी, वर कर्दळ किंवा पाणकणीस. क्रशरची खडी धुऊनच टाका. तिच्यातली कच खाली बसते आणि वाफा तुंबण्याचं ते मोठं कारण असतं. बाहेर जाणाऱ्या पाइपला फिरता एल्बो (वळवून पाण्याची पातळी कमी-जास्त करता येणारा जोड) लावा आणि पाणी खडीच्या पाच-दहा सेंटिमीटर खालीच ठेवा. ते वर दिसलं की डास झालेच.

सुरुवातीला चालू सेप्टिक टँकमधला गाळ विरजणासारखा टाका. नीट बस्तान बसायला दोन-तीन महिने जातात. पुढे दरवर्षी गाळाची उंची काठीने मोजा, आणि तो कप्प्याच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की सक्शन गाडी बोलवा. थोडा गाळ मागे ठेवा. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका. भोवतालच्या पाण्याने ती वर उचलली जाऊ शकते. आणि टाकीत माणूस कधीही उतरवू नका. आतला वायू काही क्षणांत जीव घेतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय सफाईसाठी माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : अशा टाकीचा वास येतो. फिनाइल ओतावं का?
— वाचक, चाळीसगाव

उत्तर : नको. फिनाइल आणि अ‍ॅसिडने जिवाणू मरतात, मग वास वाढतो. झाकणांच्या फटी बुजवा आणि व्हेंट पाइप घरांच्या छपरापेक्षा उंच न्या.

प्रश्न : खडीच्या वाफ्यातून निघालेलं हे पाणी केळीला चालेल का?
— शेतकरी वाचक, यावल

उत्तर : सरीने द्या, चालेल, त्यात नत्र आणि स्फुरद उरलेलं असतं, तेवढं खत कमी घाला. ठिबकला फिल्टर लावूनही ड्रिपर तुंबू शकतात. पालेभाजीला, कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्याला तर मुळीच नको. एक काळजी आवर्जून घ्या : साबण-सोड्यातल्या सोडियमने काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. दरवर्षी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, सोडियम वाढलेला दिसला की हे पाणी थांबवा आणि अहवालाप्रमाणे जिप्सम द्या.