वाचकांचे प्रश्न : फिंगरप्रिंट की नुसते नाव?

प्रश्न : विश्रामबागेतील एका करसल्लागारांच्या कार्यालयासाठी मी कागदपत्रे कूटबद्ध करून पाठवणारा छोटा प्रोग्राम लिहीत आहे, आतून जीएनयूपीजी हा कूटबद्धीकरणाचा प्रोग्राम वापरला आहे. कूटबद्धीकरणासाठी वापरायची किल्ली (डिजिटल संकेत) कोणती, हे सांगण्याच्या एकाच चौकटीत अशील कधी नाव, कधी रिकाम्या जागांसह फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची लांब मालिका), कधी त्याचे शेवटचे आठच अंक, तर कधी देवनागरी अंक टाकतात. यातले काय स्वीकारावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रिकाम्या जागांबाबत उदार आणि लांबीबाबत कठोर राहावे, असे आमचे मत आहे. फिंगरप्रिंट चार-चार अंकांच्या गटांत छापण्याची पद्धत असल्याने मधल्या जागा आणि सुरुवातीचे शून्य-एक्स (0x, पुढचे अंक सोळामान असल्याची खूण) काढून टाकण्यात, तसेच लहान-मोठ्या लिपीतील अक्षरे एक मानण्यात काहीच धोका नाही. देवनागरी अंकांचे मात्र रोमन अंकांत रूपांतर आपणच करून घ्यावे, कारण पायथॉनसारख्या प्रोग्रामिंग भाषेत देवनागरी अंक संख्या म्हणून निमूट चालून जातात आणि जीएनयूपीजीला ते कळत नाहीत. तेव्हा आपल्या तपासणीत उत्तीर्ण झालेली किल्ली पुढे सापडतच नाही.

यानंतर उरलेल्या सोळामान (० ते ९ आणि ए ते एफ) अंकांची लांबी पाहावी. आज प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या किल्लीचा फिंगरप्रिंट ४० अंकी असतो आणि त्याचे शेवटचे १६ अंक म्हणजे दीर्घ की-आयडी (किल्लीची संक्षिप्त ओळख), तर शेवटचे ८ म्हणजे लघु की-आयडी. लघु आयडीच्या शक्यता सुमारे ४२९ कोटीच असल्यामुळे ठरवलेल्या आयडीची बनावट किल्ली साध्या ग्राफिक्स कार्डावर तयार करता येते, हे २०१४ मध्ये ‘एव्हिल३२’ या प्रकल्पाने दाखवून दिले. म्हणून ८ किंवा १६ अंक आले, तर ते केवळ शोधापुरते वापरावेत, सापडलेल्या प्रत्येक किल्लीचा पूर्ण फिंगरप्रिंट पडद्यावर दाखवावा आणि अशिलाने तो स्वतःकडील नोंदीशी जुळवल्याशिवाय एकही कागद पाठवू नये. ३२ अंकी फिंगरप्रिंट जुन्या तिसऱ्या आवृत्तीचा असतो. त्यास सरळ नकार द्यावा.

खरी अडचण नावाची आहे, कारण एकाच चौकटीतला मजकूर नाव आहे की आयडी, हे त्याच्या रूपावरूनच ठरते. जीएनयूपीजीला शून्य-एक्स नसलेले आठ सोळामान अंक दिले, तर तो ते की-आयडीच समजतो. कुणी सवयीने १५०८१९४७ अशी तारीख टाकली, तरी तिचा शोध किल्ली म्हणूनच होईल. नाव आणि फिंगरप्रिंट यांसाठी दोन चौकटी ठेवल्या, तर हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि एवढ्या छोट्या प्रोग्रामात ते अवघडही नाही. ईमेल पत्ता असेल, तर तो कोनी कंसात गुंडाळून द्यावा, म्हणजे अर्धवट जुळणी टळते.

विरामचिन्हे सरसकट गाळू नयेत, हेही सांगितले पाहिजे. आयडीच्या शेवटी आलेले उद्गारचिन्ह जीएनयूपीजीला ‘नेमकी हीच उपकिल्ली (मुख्य किल्लीला जोडलेली दुय्यम किल्ली) वापर’ असे सांगते. ते गाळले, तर प्रोग्राम स्वतःच्या मर्जीने दुसरी उपकिल्ली निवडू शकतो. शेवटच्या अंकांवरून आयडी काढण्याचा नियमही कायमचा धरू नये, कारण २०२४ च्या आरएफसी ९५८० या प्रमाण-दस्तऐवजामधील सहाव्या आवृत्तीचा फिंगरप्रिंट ६४ अंकी आहे आणि तिथे की-आयडी पहिल्या १६ अंकांचा असतो.