फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सोडवून घ्या

विंडोजचा जुना पीसी विकून नवीन असेंबल करायचाय, सोबत मॅकबुक आणि लिनक्सवरचं एक मशीन आहे. मग रिझॉल्व्ह स्टुडिओ (व्हिडिओ एडिटिंगच्या रिझॉल्व्हची विकतची आवृत्ती), अ‍ॅडोबी आणि विंडोजची लायसन्स कशी हलवायची, असं तुम्ही विचारलंय. पीसी हातात असताना विचारलंत हे फार बरं केलंत.

माझा मदरबोर्ड एका पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं गेला. नवीन बोर्ड बसवून ऑडिओचं एक सॉफ्टवेअर उघडलं, तर 'अ‍ॅक्टिव्हेशन लिमिट संपली'. जुनं मशीन कंपनीच्या सर्व्हरवर अजून चालूच होतं आणि ते डीअ‍ॅक्टिव्हेट करायला, म्हणजे त्यावरचं लायसन्स सोडवायला, आधी सुरू तरी व्हायला हवं! बिलाची पीडीएफही सापडेना. नऊ दिवस मेल चालले, तोवर एका लग्नाचं काम अडकून पडलं.

सॉफ्टवेअर मदरबोर्ड, डिस्क असल्या गोष्टींवरून मशीन ओळखतं आणि सर्व्हरवर एक जागा अडवतं. तुम्ही डिस्क पुसलीत तरी ती जागा अडलेलीच राहते. नुसतं अनइन्स्टॉल करूनही बऱ्याचदा सुटत नाही. ड्युअल बूट, म्हणजे एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम, असेल तर एकाच डब्यातल्या दोन सिस्टिम पुष्कळ सॉफ्टवेअरना दोन मशीनं वाटतात, तेही हिशेबात धरा.

अ‍ॅडोबीचं सोपं आहे. एका खात्यावर दोन मशीनं, विंडोज आणि मॅक कसंही; जुन्या पीसीवर साइन आउट करा, झालं. लिनक्सवर ते नाहीच.

खरा विचार रिझॉल्व्हचा करा. अ‍ॅक्टिव्हेशन की दोनच मशीनांवर चालते, तुमची तीन. माझं मत विचाराल तर स्टुडिओ नवीन पीसीवर आणि लिनक्सवर ठेवा, मॅकबुकवर मोफत आवृत्ती. कारण लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटचं फुटेज उघडत नाही, मॅकवर उघडतं. कीऐवजी डोंगल (लायसन्स असलेला यूएसबी तुकडा) घेतलेलं असेल तर ते ज्या मशीनला लावाल तिथे स्टुडिओ चालतो. पण डोंगल हरवलं की लायसन्स गेलं, म्हणून ते कॅमेऱ्याच्या बॅगेत सुटं टाकू नका.

विंडोजचं आधी तपासा: कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, मग स्पेस, स्लॅश, डीएलआय. चौकटीत ओईएम (मशीनबरोबरच आलेलं) दिसलं तर ते लायसन्स त्याच बोर्डाचं, पीसीबरोबर घेणाऱ्याकडे जाऊ द्या. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर तुम्हाला नेता येतं. त्यासाठी आत्ताच ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवा.

आज रात्री जुन्या पीसीवर नेट चालू असताना एकेक सॉफ्टवेअर सोडवा. कंपनीच्या साइटवर लॉगिन करून जागा खरंच मोकळी झाली का ते बघा, सगळी बिलं आणि कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या ईमेलवर घेतलंय ते मॅकबुकवर उतरवून घ्या, आणि मगच फॉरमॅट मारा. कुठली जागा सुटत नसेल तर सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती इथे टाका, मी बघतो.