तात्पर्याच्या गोष्टी

चि. ईरा हिस अनेक आशीर्वाद.

माईआजीने पाठवलेले बोधकथांचे पुस्तक वाचता वाचता तू विचारलेस, "बाबा, तुमच्याकडची मुले काय भीतीपोटीच चांगली वागायची?" मनाला लागले, कारण खोटे बोललास तर लांडगा मेंढरे खाईल, आळस केलास तर उपाशी राहशील, असेच तर त्यात पानोपानी आहे.

पण त्या गोष्टी सगळ्या 'आमच्याकडच्या' नाहीत. मुंबईत मराठी मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली, तेव्हा सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ग्रीसच्या इसापाला मराठीत आणले. त्यांचा 'बाळमित्र'ही मूळचा फ्रेंच, इंग्रजीवरून आपल्याकडे आलेला. पुढे १८३८ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या 'नीतिकथा' आल्या, आणि नंतर अमेरिकन मिशनऱ्यांनी याच शहरातून 'बालबोधमेवा' हे मासिक काढून मुलांपुढे ख्रिस्ती धर्म ठेवला. धर्म निरनिराळे असले तरी, मुलाला वाचायला शिकवायचे ते वागायला शिकवण्यासाठीच, ही समजूत सर्वांची सारखी होती. मला ती पुरती पटत नाही, आणि पुरती टाकवतही नाही.

गिरगावातल्या आमच्या चाळीत दिवेलागणीला 'शुभंकरोति' झाले, की अण्णा मनाचे श्लोक म्हणायला लावत आणि एखादा चरण चुकला तर पान वाढू देत नसत. तो धाक मला तेव्हाही आवडला नव्हता. जेवणानंतर मात्र गॅलरीत माई गोष्ट सांगे, आणि लांडगा खरोखरच आला की मध्येच थांबून विचारी, "गावकऱ्यांनी एकदा तरी जाऊन पाहायला नको होते का?" मग शेजारची मुलेसुद्धा हिरिरीने भांडत, कुणी त्या पोराच्या बाजूने, कुणी गावाच्या, आणि सुमाकाकी दार उघडून ओरडेपर्यंत ते चाले. पुस्तकात शेवटी छापलेले तात्पर्य माईने कधी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. ज्या गोष्टी आम्हांला गप्प बसवण्यासाठी लिहिल्या असतील, त्यांवरच आम्ही मोठ्यांसमोर वाद घालायला शिकलो, असे आता वाटते.

श्लोक पाठ कर असे मी तुला सांगणार नाही. रविवारी माईचा फोन येईल तेव्हा लांडग्याची गोष्ट तेवढी तिच्या तोंडून ऐक. त्यानंतरही नको वाटले, तर पुस्तक खुशाल मिटून ठेव.

तुझा,
बाबा