एका वर्षाचा करार उरलेल्या बड्या खेळाडूसाठी बेसबॉल संघाने होतकरू खेळाडू द्यावेत का?

माझ्या मते, संघ अजिंक्यपदाच्या खरोखर जवळ असेल तरच द्यावेत. आणि यासाठी असाच एका वर्षाचा करार उरलेला बडा फलंदाज हुआन सोटो याची डिसेंबर 2023 मधील अदलाबदल नीट तपासून पाहावी.

न्यूयॉर्क यांकीजने सोटो आणि ट्रेंट ग्रिशम यांच्या बदल्यात सॅन दिएगो पाद्रेसला मायकेल किंग, ड्रू थॉर्प यांच्यासह पाच खेळाडू दिले. सोटोने 2024 मध्ये 41 होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे फटके) ठोकले, क्लीव्हलंडविरुद्धच्या निर्णायक सामन्यात दहाव्या डावात विजयी फटका मारला आणि 2009 नंतर प्रथमच यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, पोहोचले. तेथे मात्र ते डॉजर्सकडून हरले, आणि सोटो 15 वर्षांच्या, 76.5 कोटी डॉलरच्या करारावर त्याच शहरातील मेट्सकडे निघून गेला.

दुसरीकडे, यांकीजकडे मुख्यतः राखीव गोलंदाज म्हणून वावरलेला किंग पाद्रेसचा भरवशाचा आघाडीचा गोलंदाज झाला, तर थॉर्पला दुसऱ्या अदलाबदलीत देऊन पाद्रेसने मार्च 2024 मध्ये गोलंदाज डिलन सीझला मिळवले, ज्याने त्याच जुलैत प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (फलंदाजाला तळावर पोहोचवणारा फटका) न देता संपूर्ण सामना टाकला. होतकरू खेळाडूचे मोल केवळ तो पुढे कसा खेळेल यात नसून त्याच्या बदल्यात काय मिळू शकते यातही असते, हे चाहते वाद घालताना फार लवकर विसरतात.

तरीही यांकीजचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. संघाचा प्रमुख फलंदाज ॲरन जज ऐन बहरात असताना ते वर्ष वाया घालवणे अधिक महागात पडले असते.