पसरणी चढण्याआधी

प्रिय भाचेबुवा,

जानेवारीतल्या पुणे-पाचगणी-पुणे बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या २०० किलोमीटरच्या सायकल-सफरीला, नाव घातलंस, हे मला तुझ्याकडून नाही, ताईकडून कळलं. तेही रडवेल्या आवाजात. तिची समजूत मी काढली आहे. पण गाडी घेऊन तुझ्या मागे यायचा तिचा बेत तूच मोडायचास. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या ठिकाणी, चालते. मधल्या रस्त्यात आईने थर्मासमधून चहा पाजला तरी बाद होशील.

मग तुझा मेसेज आला, ‘मावशी, पसरणी घाट जमेल ना?’ जमेल रे. मला काळजी आहे ती कात्रजची.

माझंच ऐक. पहिल्या बीआरएमला पहाटे सहाला अंधारात सगळे निघालो. कात्रजच्या जुन्या घाटात तीन-चार पोरं पुढे सटकली आणि मी त्यांच्या मागच्या दिव्यांना चिकटले. बोगद्याशी पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता, पण खुशीत होते. खंबाटकीतही तोच शहाणपणा केला. वाई मागे पडली, पसरणी गाव गेलं आणि पायांतला जीवच गेला. धोमचं पाणी दिसतं त्या वळणावर कठड्यावर बसून राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि चक्क रडले. माकडं बघत होती. पाचगणीला पोचायला ११ मिनिटं उशीर झाला. कार्डावर शिक्का नाही.

म्हणून आधी आकडे बघ. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. सहाला निघालास तर संध्याकाळी साडेसातला परत. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो, म्हणजे पाचगणीत १२:४० च्या आत शिक्का. वाई ते पाचगणी १२ किलोमीटर, चढ साधारण साडेपाचशे मीटर. तुझ्या सायकलला पुढे ३४ दातांची चकती आणि मागे ३२ ची असेल, तर मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवून ताशी आठ किलोमीटर वेग पडतो. म्हणजे दीड तास. तेव्हा वाई साडेदहाला सोडायची, फार तर पावणेअकराला. मागे २८ च असेल तर आत्ताच कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदल. हे पैसे मी देते, ताईला सांगू नकोस.

कात्रज आणि खंबाटकीत एकच परीक्षा घे: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की गिअर हलका कर, मग कोणी का पुढे जाईना. ही शर्यत नाही, पहिल्याला आणि शेवटच्याला कार्ड सारखंच. खंबाटकीत डाव्या कडेने, सरळ रेषेत चढ. ट्रक रांगत असतात, त्यांच्या धुरात उभं राहून पेडल मारायचा मोह टाळ.

वेळ खरा जातो तो टपऱ्यांवर. चालता वेग ताशी १८ पडला तर रस्त्यावर अकरा तास जातात. उरले सव्वादोन-अडीच. पंधरा-पंधरा मिनिटांचे दहा थांबे घेतलेस की ते संपले, आणि पंक्चर अजून व्हायचंच आहे. शिरवळच्या आसपास मिसळीच्या पाट्या दिसतील. मिसळ पोटात घालून खंबाटकी चढलेल्या एकाला मी पाहिलंय, तपशील सांगत नाही. त्यापेक्षा खिशात चिक्की, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे ठेव. भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाक. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. ऊन तापलं की तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतंच.

पाचगणीत शिक्का, शौचास जाणं, बाटल्या भरणं. वीस मिनिटं. स्ट्रॉबेरी क्रीम पुन्हा कधीतरी.

उतार मात्र मला चढापेक्षा जास्त सतावतो. पसरणीत वळणं आंधळी, समोरून एसटी मध्यावरून येते. ब्रेक सतत दाबून धरू नकोस, रिम तापते. दोन्ही ब्रेक वळणाआधी दाबायचे, सोडायचे, आणि वळणात ब्रेक मोकळे. येताना खंबाटकीचा बोगदा लागेल, तिथे शिरण्याआधीच मागचा लाल दिवा लाव. जानेवारीत सव्वासहाला सूर्य बुडतो, म्हणजे शेवटचा तास अंधाराचाच. शिंदेवाडीपासून कात्रज पुन्हा चढायचा आहे हे सकाळी कुणाच्या लक्षात नसतं. तेवढ्यासाठी एक लाडू शेवटपर्यंत राखून ठेव.

आणि हो, ताई म्हणाली की तुला पॅरिसची स्वप्नं पडताहेत. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली सायकल-सफर १८९१ पासूनची, हल्ली चार वर्षांतून एकदा, १२०० किलोमीटर, बहुतेकांना ९० तास. तिथे एकही नावाजलेला घाट नाही, नुसत्या टेकड्या, तरी एकूण चढ ११-१२ हजार मीटर भरतो. सातारा रस्त्यावरच्या उड्डाणपुलांना तू चढ मानत नाहीस ना? मान. त्याआधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम पॅरिसच्याच वर्षात कराव्या लागतात, तेव्हा तो विषय जानेवारीनंतर.

येत्या रविवारी सायकल घेऊन ये. मागच्या ब्रेकचं रबर झिजलेलं मला दिवाळीतच दिसलं होतं. येताना चाकाची जास्तीची ट्यूब आण, रस्त्याकडेला बसून दहा मिनिटांत बदलता येते का ते बघू. घड्याळ मी लावणार.

तुझी,
मावशी